आजीच्या ओठांवरचा हिरवा दाणा

"आधी एकच रंग बघा. बाकीचे थांबतात."

मा केमिलेंबे हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. चटई विणताना म्हणायच्या, घेवडा निवडताना म्हणायच्या, आणि शेजारणींच्या भांडणात पडल्या की तिथेही म्हणायच्या. भांडणाऱ्या दोघी मग आपण नेमक्या कुठल्या रंगाच्या, या विचारात पडून गप्प व्हायच्या. नवरा कंपालाला गेला तो गेलाच. त्याच्याबद्दल कुणी विचारलं की म्हणायच्या, "तो रंग अजून थांबलाय." त्यांच्या हातून मुलांचं जे सोळा पानांचं चित्रांचं पुस्तक झालं ते याच वाक्यावर उभं राहिलं, आणि एका गुरुवारी सकाळी याच वाक्यापायी ते बुडायची वेळ आली.

मी तेव्हा बुकोब्याला कॉफी संघाच्या छापखान्यात यंत्र चालवत होतो. छापखाना म्हणजे चढावरची एक लांबट खोली. वर पत्रे, पुढे पायरी, आणि पायरीवरून खाली सरळ दिसणारं समुद्राएवढं तळं आणि आगबोटीचा धक्का. पोत्यांना लावायच्या चिठ्ठ्या, सभेच्या सूचना, लग्नाच्या पत्रिका, एवढंच आम्ही छापायचो. यंत्र हाताने फिरवायचं होतं. त्याचा आवाज मला माझ्या मुलांच्या आवाजाइतका ओळखीचा होता. कुठला दात झिजलाय, कुठला रूळ रुसलाय, हे मी बाहेर उभा राहून सांगायचो.

आमच्याकडे घरात जमिनीवर पसरतात तसं ताजं गवत छापखान्यातही पसरायला मा केमिलेंबे दर सोमवारी यायच्या. आधी मी कुरकुरलो होतो. छापखान्यात गवत कशाला? मग लक्षात आलं, ओलसर गवतावर धूळ बसते ती उडत नाही, आणि ताव स्वच्छ निघतात. तेव्हापासून सोमवारी गवत आलं नाही तर मीच दारात उभा राहून त्यांची वाट बघू लागलो. उंच, सडसडीत बाई. पन्नाशीच्या आसपास. शिंदीच्या पाती रंगवून रंगवून नखं कायमची जांभळी झालेली, आणि उजव्या अंगठ्याचं नख पाती चिरायला मुद्दाम वाढवलेलं. आमच्या भागात ज्या नवरीच्या पायाखाली त्यांची चटई अंथरली जायची, ती नवरी पुढची दहा वर्षं शेजारणींना तेच सांगायची.

स्वातंत्र्याला सात वर्षं होत आली होती, पण शाळेत मुलांच्या हातात जुनंच पुस्तक होतं. त्यात बर्फ होता. लोकरीच्या टोप्या घातलेली गोरी मुलं बर्फाचा माणूस करत होती. सफरचंदाचं चित्र होतं, ते आमच्या मुलांना लाल कांद्याचं वाटायचं, आणि एवढा मोठा कांदा हातात घेऊन चित्रातली मुलगी हसते कशी, यावर वर्गात वाद व्हायचे. म्हणून ता बियाबातोंनी नवं पुस्तक लिहिलं. ते निवृत्त हेडमास्तर; आमच्याकडे थोर पुरुषांना 'ता' म्हणतात, बायकांना 'मा'. जिल्ह्यातल्या चाळीस शाळांसाठी पुस्तक पास करायचा अधिकार त्यांच्याकडे होता, आणि त्यांची सही झाल्याशिवाय एक पान पुढे जाणार नव्हतं.

त्यांची गोष्ट सेनेनेच्या दिवसाची होती. नोव्हेंबरात तळ्यावरून हिरव्या नाकतोड्यांचे थवे येतात, ते आमचे सेनेने. बायका पहाटे दवात वाकून ते वेचतात, पंख आणि पाय काढतात, मीठ लावून तळतात, आणि पुरुष खातात. बायकांनी खायचे नाहीत. का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. गोष्टीतली आजी नातवंडांना घेऊन सेनेने वेचते, आणि शेवटच्या पानावर ता बियाबातोंनी लिहिलं होतं, 'आजीने सगळे सेनेने आजोबांना दिले.'

चित्रं काढायला राजधानीहून एक चित्रकार आला. कागदावर रंगीत काढायचा तर सुरेख काढायचा. पण छापायला तसं चालत नाही. पारदर्शक फिल्मचे तीन तुकडे घ्यायचे. एकावर चित्रातलं पिवळं तेवढं काढायचं, दुसऱ्यावर तांबडं, तिसऱ्यावर निळं, आणि तिन्ही काढायची काळ्या शाईने. मग ती फिल्म पत्र्यावर ठेवून उन्हात धरायची, पत्र्यावर चित्र उमटतं, आणि ज्या त्या पत्र्याला जी ती शाई लावायची. आमच्याकडे हिरव्याचा डबा नव्हता, जांभळ्याचा नव्हता. पिवळ्यावर निळं पडलं की हिरवं, तांबड्यावर निळं पडलं की जांभळं. तो बिचारा तीन तुकडे करताना गोंधळायचा. पहिलं पान छापलं तर त्यावर नुसता चिखल. शिवाय त्याच्या सेनेनेला आठ पाय होते. पायरीवरच्या बायकांनी ते मोजून त्याला सांगितलं, पुन्हा मोजून सांगितलं, आणि शनिवारच्या आगबोटीने तो गेला.

सोमवारी मा केमिलेंबे गवत घेऊन आल्या. चित्रकाराच्या तीन फिल्म काचेवर पडल्या होत्या.

"काइजागे, ही तीन काळी चित्रं कशाला? एक बास नाही?"

"मा, ती नुसती दिसायला काळी. ही पिवळ्याची, ही तांबड्याची, ही निळ्याची. एकावर एक छापली की सगळे रंग येतात."

"म्हणजे चटई."

"चटई कशी?"

त्या तिथेच गवतात बसल्या. "हे बघ लेका. विणायच्या आधी मी सगळी चटई डोळ्यांपुढे आणते, आणि तिच्यातलं नुसतं तांबडं उचलते. कुठे वर येतं, कुठे खाली जातं, किती पट्ट्या लागतात. तेवढ्या पट्ट्या रंगवून बाजूला. मग जांभळं. तांबडं बघताना जांभळं दिसू द्यायचं नाही. तुझ्या त्या पाहुण्याला सगळं एकदम दिसायचं, म्हणून त्याचा चिखल झाला."

माझ्या हातातला बोळा गळून पडला. दोन महिने एक शिकलेला माणूस जे मला समजावू शकला नाही आणि मी त्याला, ते ही बाई गवतात बसून सांगत होती. मी कोरी फिल्म, ब्रश आणि शाई त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ब्रश हुंगला, अंगठ्याच्या नखाने त्याचे केस सारखे केले, आणि विचारलं, "कोंबडी काढू?"

दुपारपर्यंत कोंबडी झाली. संध्याकाळी ती छापली. पिवळे पाय, तांबडा तुरा, आणि शेपटीत असं काही जांभळट हिरवं चमकत होतं की मी यंत्र थांबवून बाहेर गेलो आणि जो पहिला माणूस दिसला त्याला हाताला धरून आत आणलं. तो पोस्टमन होता. त्याची झोळी खांद्यावर तशीच राहिली. "ही आमच्याच घरची आहे," तो म्हणाला.

ता बियाबातो मात्र उखडले. "जिला माझ्या गोष्टीतलं एक अक्षर वाचता येत नाही, ती माझ्या गोष्टीची चित्रं काढणार?"

"तुम्ही वाचून दाखवा," मा केमिलेंबे म्हणाल्या. "आवाज तरी अजून निवृत्त झाला नाही ना तुमचा, हेडमास्तर?"

त्यांनी वाचून दाखवली. मा केमिलेंबेंनी डोळे मिटून ऐकली.

"कोंबडी कुठे आहे?"

"गोष्टीत कोंबडी नाही."

"अंगणात सेनेने वाळत घातलेत आणि कोंबडी नाही? मग ती मुलगी काठी घेऊन राखण कशापासून करतेय, तुमच्यापासून?"

पायरीवर मा न्यामविझा बसल्या होत्या, ता बियाबातोंची आई. नव्वदीच्या घरातल्या. रोज सकाळी ऊन खायला आमच्या पायरीवर येऊन बसायच्या, कॉफीच्या वाळल्या बिया गालात धरून चघळायच्या. दात गेल्यापासून हसताना तोंडावर हात धरायची त्यांना सवय होती. त्या दिवशी त्या इतक्या हसल्या की दोन्ही हात धरावे लागले. हेडमास्तरांनी आईकडे पाहिलं, कोंबडीच्या चित्राकडे पाहिलं, आणि म्हणाले, "एक पान काढून बघू."

एकाची सोळा झाली. सोळा पानं, पानाला तीन फिल्म, सगळ्या अठ्ठेचाळीस. तीन महिने मा केमिलेंबे दाराजवळच्या उजेडात पालथी मांडी घालून बसायच्या. त्यांनी कशालाच काळी रेघ काढली नाही. "केळीच्या पानाला कुणी काळी रेघ मारून ठेवलीय का?" असं विचारायच्या. माणसांचे चेहरे त्या चटईच्या विणीसारखे काढायच्या, पिवळ्यात आडव्या रेघा, तांबड्यात उभ्या, निळ्यात तिरप्या, आणि छापलं की त्यातून आपल्या माणसांचा तुकतुकीत वर्ण वर यायचा, एकाचा दुसऱ्यासारखा नाही. पुस्तकातली सगळी माणसं गावातलीच होती. पोस्टमन काका झाला. मी एका पानात छपरावर चढलेला आहे. आणि आजी म्हणजे मा न्यामविझा, जशा बसायच्या तशा, हसताना तोंडाकडे हात नेणाऱ्या.

सेनेने काढायची त्यांची एक रीत होती. ब्रशचा एकच फटका, भाताच्या दाण्यासारखा. पिवळ्यात एक दाणा, निळ्यात त्याच जागी तोच दाणा, छापला की हिरवा सेनेने. शेवटच्या पानावर असे तीनशे तरी होते, टोपलीत, गवतावर, उडणारे, मुलांच्या केसांत अडकलेले. आणि एक जांभळा. हिरव्या थव्यात एखादाच जांभळा सापडतो, आणि ज्याला सापडतो तो दिवसभर मिरवतो. तो त्यांनी कुठे लपवलाय ते मलाही सांगितलं नव्हतं.

त्या पानाची पिवळी फिल्म मी उजेडात धरली होती तेव्हा आजीच्या चेहऱ्याजवळ एक सुटा दाणा दिसला. मी विचारलं, "मा, हा काय?"

"जागा मोकळी होती. चटईत रिकामं घर ठेवत नाहीत."

मी मान हलवली. काळ्या फिल्मवर तो एक ठिपका होता. निळी फिल्म त्यांनी आठवड्याने काढली, आणि तेव्हा त्या नुसतं निळं बघत होत्या.

पंधरा पानांवर ता बियाबातोंची सही झाली. राहिलं ते शेवटचं. आमच्या यंत्रावर फक्त नमुन्याचे ताव निघायचे. तीन हजार पुस्तकं तळ्यापलीकडच्या म्वांझा शहरातल्या मोठ्या यंत्रावर व्हायची होती, आणि ते यंत्र आम्हाला शनिवारपासून आठच दिवस मिळालं होतं. ते हुकलं तर फेब्रुवारीपर्यंत मिळणार नव्हतं, जानेवारीत शाळा उघडायच्या, आणि मुलांच्या हातात पुन्हा बर्फाचा माणूस जाणार होता. गुरुवारी दुपारी चारला आगबोट. त्या बोटीवर सही झालेले सोळा ताव आणि अठ्ठेचाळीस फिल्म चढायलाच हव्यात, हे गावात लहान मुलालाही ठाऊक होतं.

मंगळवारी पिवळं छापलं. बघायला दहा-बारा माणसं जमली. तावावर नुसते पिवळे डाग आणि रेघा. पोस्टमन म्हणाला, "कुणीतरी अंडं सांडलंय."

बुधवारी त्याच तावावर तांबडं. "आता अंड्यातून कोंबडी निघतेय," तोच म्हणाला, आणि खरंच तुरा दिसत होता, नातीचं लुगडं दिसत होतं, मातीची वाट दिसत होती. माणसं होती, पण तापाने लाल झाल्यासारखी. हिरवं कुठेच नव्हतं.

गुरुवारी सकाळी निळं. नेमक्या त्याच पहाटे सेनेने उतरले होते. बायका वेचून परत येताना टोपल्या घेऊन सरळ छापखान्याकडे आल्या, पदर ओले, केसांत पंख अडकलेले. दार भरलं, खिडकी भरली. मा न्यामविझांना आत आणून माझ्या स्टुलावर बसवलं. मी पत्रा पुसला, शाई लावली, रंगावर रंग बरोबर पडावा म्हणून तावाच्या कोपऱ्यात काढलेल्या फुल्या जुळवल्या. जुळवून पुन्हा बघितल्या. मा केमिलेंबे हात मागे बांधून उभ्या होत्या.

मी दांडा फिरवला. ताव रुळाखालून गेला आणि पलीकडे आला.

काय सांगू. मी चाळीस वर्षं छापलं, पण तसं पुन्हा पाहिलं नाही. एका फेरीत केळीची बाग उभी राहिली. पिवळ्या डागांची पानं झाली, पानांना शिरा आल्या, मागे तळं पसरलं. तापलेली माणसं थंड होऊन आपल्या वर्णाची झाली, ओळखीची झाली, हसायला लागली. आणि सेनेने उडाले. तीनशेच्या तीनशे एकदम हिरवे होऊन तावावर उडाले, तेव्हा दारातल्या बायकांनी टोपल्यांवर हात ठेवले, जणू त्यांचेच निसटले.

"जांभळा," कुणीतरी म्हणालं. "तो बघा, कोंबडीच्या चोचीत."

सगळे वाकले. हशा झाला. ज्याचं घर चित्रात होतं तो आपलं घर दाखवत होता, ज्याचं नव्हतं तो आपलं झाड दाखवत होता. पोस्टमनला स्वतःचं नाक मोठं वाटलं, आणि ते तसंच आहे हे त्याला चौघींनी सांगितलं. मा केमिलेंबेंनी हात पुढे आणले, तावाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि इतकंच म्हणाल्या, "बसलं."

तेवढ्यात दाराजवळची एक बाई मान तिरकी करून म्हणाली, "मा न्यामविझा, तुम्ही हे काय खाताय?"

चित्रातल्या आजीचा हात तोंडाकडे गेला होता. बोटं आणि ओठ यांच्यामध्ये भाताच्या दाण्याएवढा एक हिरवागार सेनेने होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. पिवळ्यातला सुटा दाणा आणि निळ्यातला सुटा दाणा एकावर एक बसले होते, आणि मी फुल्या अशा जुळवल्या होत्या की केसभरही फरक नव्हता. खालच्या कोऱ्या पट्टीत अक्षरं यायची होती. 'आजीने सगळे सेनेने आजोबांना दिले.'

हशा बंद झाला. बायका एकमेकींकडे बघेनात.

मा केमिलेंबे तावाजवळ गेल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी पिवळं बघत होते," त्या म्हणाल्या. "मग मी निळं बघत होते."

ता बियाबातो टोपी हातात घेऊन उभे होते. "केमिलेंबे, हे चाळीस शाळांत जाणार. मुलं हे घरी नेऊन बापाला दाखवणार. बापाने काय समजायचं? आणि ती कुणाची आई आहे हे सगळ्या बुकोब्याला कळतंय."

"मी मुद्दाम नाही काढलं."

"मग काढून टाक. मी सही करतो. चित्र उत्तम आहे, तेवढं एक काढ."

काम पाच मिनिटांचं होतं. पात्याने दोन्ही फिल्मवरचे दाणे खरवडायचे, नवे पत्रे करायचे. ऊन चांगलं होतं, शाई झटपट वाळली असती, आणि नवा ताव तीनच्या आत होऊ शकत होता. मी पातं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, पिवळी फिल्म गुडघ्यावर पसरली आणि पात्याचं टोक त्या दाण्यावर ठेवलं. टोक तिथेच राहिलं.

"मा, उशीर होतोय," मी म्हणालो.

"ज्याच्या नावाने चटई विणली त्याला न विचारता मी एक पट्टी कधी सोडवली नाही," त्या म्हणाल्या. पातं खाली ठेवून त्या उठल्या आणि मा न्यामविझांपुढे गुडघ्यांवर बसल्या. "मा, तोंड तुमचं आहे. काढू की ठेवू?"

ता बियाबातो म्हणाले, "तिला कशाला मध्ये आणतेस? तिला दिसतही नाही नीट."

"ताव जवळ आण," मा न्यामविझा म्हणाल्या.

मी ताव त्यांच्या डोळ्यांपाशी धरला. शाई ओली होती. आधी कोंबडी बघितली, मग स्वतःला.

"बियाबातो."

"काय, मा?"

"तुझ्या ताटात सेनेने कधी अळणी आले?"

"नाही."

"खारट?"

"नाही. तुझ्या हातचे कधीच नाहीत."

"तळताना मीठ बरोबर पडलंय की नाही, ते मी काय कानाने ऐकायचे?"

दारातल्या एका बाईने पदर तोंडात धरला. दुसरीने धरायच्या आधीच तिचं हसू फुटलं, आणि मग ते थांबेना. टोपल्या हलल्या, दोन-तीन जिवंत सेनेने सुटून माझ्या शाईच्या पाटीवर येऊन बसले. हेडमास्तर आईकडे बघत राहिले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, तिथे त्यांची बायकोही होती. तिने घाईने टोपलीत डोकं घातलं.

"तू पण?"

"मी मीठ जास्तच टाकायचे सुरुवातीला," ती टोपलीतूनच म्हणाली. "सासूबाईंनी शिकवलं."

ता बियाबातोंनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. सत्तर वर्षांची ताटं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावीत, एकेक नीट मिठाचं. मा केमिलेंबे अजून गुडघ्यांवरच होत्या. त्यांनी काही मागितलं नाही, वर बघितलंही नाही. जांभळ्या नखांनी खालचं गवत सारखं करत होत्या.

"चित्र खोटं नाही," शेवटी ते म्हणाले. "मग माझं वाक्य अपुरं आहे. काइजागे, खिळे काढ."

मी अक्षरांच्या खिळ्यांच्या खणांकडे धावलो. ते खुर्चीवर बसले, कागदावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, वर्गात चुकलेल्या मुलासारखा घाम आला होता त्यांना. मग वाचून दाखवलं, कारण जिचं चित्र होतं तिला वाचता येत नव्हतं.

"'आजीने मीठ बघितलं. मग सगळे सेनेने आजोबांना दिले.'"

"सगळे?" पोस्टमनने विचारलं.

"उरलेले सगळे," मा न्यामविझा म्हणाल्या.

ओळ लांब झाली. बसेना. मी अंतरं काढली, कडा सरकवली, दोनदा खिळे हातातून सांडले आणि बायकांनी गवतातून वेचून दिले, सेनेने वेचतात तसेच. दीड वाजता अक्षरं छापली. दोन वाजता ता बियाबातोंनी सही केली. त्या सहीत त्यांचं नाव नेहमीपेक्षा मोठं आलंय. तो ताव पुढे माझ्याकडे आला, आणि आज घरातल्या भिंतीवर आहे. कागद पिवळा पडलाय, पण हिरवं अजून हिरवं आहे. त्या पुस्तकानंतर मा केमिलेंबेंनी आणखी चार केली, आणि त्यातल्या प्रत्येकात कुठेतरी एक सुटा दाणा आहे. तो मुद्दाम होता की मोकळ्या जागेपायी, हे मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मात्र अजून बोट गाठायची होती. फिल्म आणि ताव पोस्टमनने न्यायचे, बोटीवरच्या कारकुनाच्या हाती द्यायचे, असं ठरलं होतं. मा केमिलेंबेंनी आपली एक नवी चटई आणली, त्यात सगळं गुंडाळलं आणि शिंदीच्या दोरीने बांधलं. मग गुंडाळी उचलून स्वतःच्याच डोक्यावर घेतली.

"मा, ते मी नेतो," पोस्टमन म्हणाला.

"तू धक्क्यापर्यंत नेशील. मी म्वांझ्यापर्यंत नेते."

"तुम्ही कधी आगबोटीत बसलाय का?"

"नाही. पण निळं छापताना मी नसले तर तिथली माणसं नुसत्या फुल्या जुळवतील, काइजागेसारखं बघणार नाहीत." त्या माझ्याकडे वळल्या. "सोमवारी गवत तू पसर. दारापासून सुरुवात कर, आतून नको."

"परत कधी येणार?"

"तीन हजार झाले की."

ता बियाबातोंच्या बायकोने केळीच्या पानात काहीतरी बांधून त्यांच्या हातात दिलं. अजून गरम होतं. काय आहे ते कुणी विचारलं नाही.

खाली बोटीचा पहिला भोंगा झाला. त्या पायरी उतरल्या आणि उताराला लागल्या. मान ताठ, पावलं लांब, डोक्यावरची गुंडाळी जराही हलत नव्हती. चिंचोळ्या वाटेवर शेळ्या आडव्या आल्या तेव्हा त्या थांबल्या, शेळ्या जाऊ दिल्या. एका हाताने पानाची गाठ सोडली. मग तो हात तोंडाकडे गेला, भर उन्हात, भर वाटेवर, आणि त्या पुढे चालू लागल्या.

आम्ही बघत होतो. शाईच्या हातांचा मी, रिकाम्या झोळीचा पोस्टमन, पेनाचं टोपण अजून शोधणारे ता बियाबातो, आणि पायरीवर मा न्यामविझा. त्या हसत होत्या. तोंडावर हात धरला नव्हता.